सर्व्हर डाऊन असतानाही मेडिकलचं काउंटर चालू ठेवायचं, तर तयारी काय हवी

बीपीची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायला आलेल्या माणसाला "संगणक चालू झाला की या" असं सांगून परत पाठवणं बरोबर नाही. औषध द्यायला संगणक लागतच नाही. लागते ती नोंद, आणि ती कागदावरही होते. फक्त तो कागद आधी तयार हवा.

आधी नेमकं काय बंद पडलंय ते ओळखायला शिका आणि काउंटरवरच्या प्रत्येकाला शिकवा. वीज, नेट, बिलिंग सॉफ्टवेअर आणि यूपीआय या चार वेगळ्या गोष्टी आहेत, पण दुकानात सगळ्यालाच "सर्व्हर डाऊन" म्हणतात आणि मग भलतीकडेच फोन जातात. फायबर नेटच्या डब्यावर (मोडेमवर) 'लॉस'चा लाल दिवा पेटला असेल तर बाहेर केबल तुटली आहे. राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही, सरळ केबलवाल्याला फोन करा. दिवे ठीक असून नेट चालत नसेल तर राउटर एकदाच बंद करून मिनिटभराने चालू करा. मोबाइल डेटावरूनही पेमेंट जात नसेल तर दोष तुमच्याकडे नाही, बँकेकडे किंवा यूपीआयकडे आहे.

विजेचं गणित सोपं आहे. 600 व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते. त्यावर संगणक आणि मॉनिटर नवीन बॅटरीत 15-20 मिनिटं चालतात. दोन-तीन वर्षांनी तेवढेही नाहीत. म्हणून यूपीएस धंदा चालवायला नाही, चालू बिल सेव्ह करून संगणक नीट बंद करायला आहे असं धरा. बिल सेव्ह होत असतानाच वीज गेली तर डेटा फाइल बिघडू शकते. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीच जोडू नका; तो गरम होताना इतकी वीज ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं. छोटा थर्मल प्रिंटर चालतो. राउटर आणि फायबरच्या डब्याला मात्र वेगळा 12 व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. त्याचा खर्च कमी आहे आणि नेट काही तास टिकतं. डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा, हे हमखास विसरलं जातं.

आता नेट. हॉटस्पॉटसाठी ठेवलेलं सिम फायबरच्याच कंपनीचं नको. कंपनीचं नेटवर्क गेलं की दोन्ही एकदमच जातात. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्समध्ये बहुधा स्वतःचं सिम असतं, त्यामुळे दुकानाचं नेट गेलं तरी तो बोलतो.

यूपीआयसाठी दोन वेगळ्या बँकांचे क्यूआर लावा. एका बँकेचा सर्व्हर अडला तर दुसरा चालतो. पण 12 एप्रिल 2025 ला झालं तसं देशभर यूपीआयच अडखळलं तर दोन्ही निरुपयोगी. तेव्हा रोकड लागते आणि सगळे पाचशेच्या नोटा काढतात. गल्ल्याबाहेर एका पाकिटात 3,000 रुपयांचे सुट्टे कायम ठेवा: दहाच्या 100, वीसच्या 50, पन्नासच्या 20 नोटा.

साउंडबॉक्स बोलला नाही तर गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नका. स्वतःच्या खात्यात रक्कम दिसते का ते पाहा. त्याच्या खात्यातून पैसे गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार व्यवहारानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हे शांतपणे सांगितलं की काउंटरवरची भांडणं बरीच कमी होतात.

खरा घोळ बिलांत होतो, तोही नंतर. कार्बनचं बिलबुक छापून घ्या, त्यावर 'एम-0001' अशी वेगळी मालिका ठेवा. जीएसटीत एकापेक्षा जास्त मालिका चालतात. क्रमांक सलग हवा आणि 16 अक्षरांच्या आत हवा. प्रत्येक ओळीत औषध, नग, बॅच, एक्स्पायरी, कराचा दर, रक्कम. सुट्या गोळ्यांचा भाव काढताना स्ट्रिप दहाची की पंधराची ते पाहूनच भागा. घाईत पंधराच्या स्ट्रिपला दहाने भागण्याची चूक फार होते, आणि गिऱ्हाइकाकडून दीडपट पैसे घेतले जातात. शेड्यूल एच-वनच्या, म्हणजे कायद्याने विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांची नोंद सॉफ्टवेअरमध्ये ठेवत असाल तर त्या दिवसासाठी वही हवी: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग. ही नोंद तीन वर्षं जपावी लागते.

दर सोमवारी तीन याद्या छापा: औषधं आणि त्यांचे रॅक नंबर, उधारीची बाकी, स्टॉकिस्टचे (घाऊक विक्रेत्यांचे) फोन. रॅकची यादी सगळ्यात मोलाची, कारण नवीन पोऱ्याला औषध कुठे आहे ते संगणकच सांगत असतो.

संगणक परत चालू झाल्यावर आधी त्या दिवशीची खरेदी चढवा, मग हाताची बिलं क्रमाने. खरेदी मागे राहिली तर स्टॉक मायनसमध्ये जातो किंवा बिल चुकीच्या बॅचवर पडतं. हे काम एकाच माणसाने करावं आणि चढवलेल्या प्रत्येक बिलावर लाल पेनने खूण करावी. दोघांनी केलं की काही बिलं दोनदा चढतात.

डेटाचा बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून घरी न्या. तो संगणकालाच लावून ठेवला तर रॅन्समवेअर (फायली अडकवून पैसे मागणारा व्हायरस) त्यालाही कुलूप घालतं. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहा. उघडला नाही तर बॅकअप नाही असंच समजा. बिलिंगच्या संगणकावर विंडोज अपडेटची वेळ दुकान बंद झाल्यानंतरची ठेवा.

पुण्यासारख्या ठिकाणी महावितरण दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारीच वीज बंद ठेवते. सरावाला तो दिवस घ्या: अर्धा तास फक्त बिलबुकावर काउंटर चालवा आणि ज्याने कधी हाताने बिल केलेलं नाही, त्यालाच पुढे बसवा.