फ्यूज टाकणारा हात

आमच्या समुद्रपूर तालुक्यात ओलिताची लाईन बरेचदा रात्रीच येते. डीपीवरचा फ्यूज उडाला की लाईनमनची वाट पाहायला कोणाला दम नसतो. दहावीत असतानाच मी वाळक्या बांबूने डीओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा ड्रॉप-आऊट फ्यूज, पाडायला शिकलो होतो आणि गावात त्याबद्दल माझं नाव होतं. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला तो याच तोऱ्यात. पुढे नागपूर मेट्रोच्या कामावर लागलो, तर पहिले काही महिने ही खोड मोडण्यातच गेले.

मार्च 2019मध्ये खापरी ते सीताबर्डी गाडी सुरू झाली. वर्धा रोडने एसटीतून येताना ती पाहिली तेव्हा मेट्रोची नोकरी म्हणजे गाडी चालवणं, एवढीच माझी समज होती. चालकाच्या जागेला बहुधा डिप्लोमा मागतात. आयटीआयवाल्याला दार उघडं असतं ते मेंटेनरचं: इलेक्ट्रिशियन, फिटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक. संगणकावर परीक्षा होते. तिच्यात ट्रेडचे प्रश्न येतात, म्हणून अर्थिंग, ट्रान्सफॉर्मर आणि मोटर घोकू नका, समजून घ्या. मग वैद्यकीय तपासणी. माझ्याच बॅचचा एक हुशार पोट्टा तिथे रंग ओळखण्यात अडकला. लाल-हिरव्यातला फरक आपल्याला कळत नाही, हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरकडे दहा मिनिटांत कळलं असतं, तेव्हा अभ्यासाच्या आधी डोळे तपासा. आणि ‘आतून लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. माझ्या बाबांनी दिले होते. ते पैसे गेले ते गेलेच.

आता खऱ्या कामाचं. आमची पाळी रात्री शेवटची गाडी डेपोत गेली की सुरू होते. आईला हे अजून पटत नाही. ‘गाडी तं बंद अस्ते म्हंतं, मंग रातभर कराले काय जातं बाप्पा?’

रुळावरच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात. कंट्रोल रूममधून वीज बंद केली म्हणजे तार मेली, असं गावाकडचा हात समजतो. ती मेलेली नसते. शेजारच्या मार्गावरची तार चालू असली तर तिच्यामुळे बंद तारेतही विजेचा दाब तयार होतो, आणि तेवढा माणूस मारायला पुरतो. म्हणून आधी लेखी परमिट. मग कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारेतली वीज जमिनीत उतरवणारा दांडा: अर्थचं टोक आधी घट्ट बसवायचं, त्यानंतरच आकडा तारेला लावायचा. काढताना बरोबर उलटं. एकदा परमिट हातात यायच्या आधीच मी रॉड उचलला. सुपरवायझर ओरडला नाही. त्याने फक्त मला खाली उतरवलं आणि रातभर हत्यारं मोजायला बसवलं. तेव्हा अपमान वाटला होता. पण मोजणीही साधी नव्हे. वर गेलेला प्रत्येक पाना खाली आल्याशिवाय मार्ग परत देता येत नाही.

रुळाकडच्या पोरांचं दुखणं निराळं. सांधे जोडून सलग केलेला रूळ उन्हात पसरू पाहतो. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि 40 अंशांनी तापला, तर अर्ध्या मीटरच्या जवळपास लांबेल. रूळ घट्ट आवळून ठेवलेला असल्याने तो लांबत नाही, सगळा ताण आतच कोंडतो. नागपूरचा मे महिना कसा असतो ते वैदर्भीय माणसाला सांगायला नको. पकड ढिली पडली तर रूळ वाकतो. त्यामुळे उन्हाळ्यात ही पोरं क्लिप न् क्लिप तपासत फिरतात.

दिवसा झोपायची सवय लागायला वेळ लागतो. खोली घेताना भाड्याआधी खाली पिठाची गिरणी आहे का ते बघा. मी नव्हतं बघितलं.

दुसऱ्या टप्प्यात मिहानकडची मार्गिका बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत जायची आहे. सगळा टप्पा 43.8 किलोमीटरचा, म्हणजे माणसं लागतील. आपल्याकडची पोरं रात्रीच्या जागरणाला घाबरत नाहीत. ओलिताने ती सवय आधीच लावलेली असते.

दिवाळीत घरी होतो. हरभऱ्याला पाणी चालू असताना फ्यूज गेला आणि काका बांबू घेऊन दारात आले. मी लाईनमनला फोन लावला.

‘काऊन बे, मेट्रोत जाऊन भेकड झाला का?’ काका म्हणाले.

लाईनमन सकाळी आठला आला. तोवर बांबू मी माझ्याच खाटेखाली ठेवला होता.