नीतिशास्त्राचा अभ्यास करताय? या चुका टाळा

नीतिशास्त्राचं पुस्तक हातात घेताना बहुतेकांना वाटतं की यात चांगलं कसं वागावं ते सांगितलेलं असणार. ते सांगणारे घरात भरपूर असतात. इथं तपासायचं असतं ते 'असं वागावं' या म्हणण्यामागचं कारण.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'आहे'वरून थेट 'पाहिजे'वर उडी. समजा तुम्ही लिहिलंत, 'कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, म्हणून नदीकाठच्या चिखलीकरांनी लगेच घरं सोडली पाहिजेत.' वाचताना बरोबरच वाटतं. पण पाण्याच्या पातळीतून कर्तव्य आपोआप निघत नाही, हे डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं अठराव्या शतकातच दाखवून ठेवलंय. मधलं एक विधान गाळलेलं आहे: 'माणसाचा जीव बाकी सगळ्याच्या आधी.' ते कागदावर आणलं की खरा वाद दिसतो. गोठ्यात चार म्हशी असलेल्या माणसाला पाणी किती चढलंय ते पक्कं ठाऊक असतं. त्याचं म्हणणं एवढंच की दावणीची मुकी जनावरं टाकून कसं जायचं? त्याला पुन्हा पुन्हा फूट-इंच सांगून उपयोग नाही. उत्तर जनावरांबद्दलच्या कर्तव्याचं द्यावं लागेल.

यावर उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. उताऱ्यातला निष्कर्ष आधी शोधा. तो 'म्हणून', 'तेव्हा', 'सबब' यांच्या आसपास सापडतो. वहीत तो सगळ्यात खाली लिहा. त्याच्या वर आधारविधानं 1, 2, 3 असे आकडे टाकून मांडा आणि प्रत्येकापुढे 'वस्तुस्थिती' की 'मूल्य' ते नोंदवा. निष्कर्षात 'पाहिजे' आहे आणि वर मूल्याचं एकही विधान नाही, तर काहीतरी राहिलंय. दिवसाला दोन-तीन पानं झाली तरी पुष्कळ.

जर्मन तत्त्वज्ञ कांटची कसोटी अशी: आपण ज्या नियमानं वागतो तो सगळ्यांचा नियम होऊ शकेल का? ती 'सगळ्यांनी असं केलं तर किती नुकसान होईल' अशी लिहिणारेही खूप. नुकसान मोजणं हा कृतीची पारख तिच्या परिणामांवरून करणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिलच्या बाजूचा हिशोब झाला. कांटनं 1785 च्या ग्रंथात, फेडायचंच नाही अशा इराद्यानं घेतलेल्या कर्जाचं उदाहरण दिलंय. आपल्याकडची ऊसतोडीची उचल घ्या. टोळी आणायचीच नाही असं ठरवून मुकादमानं उचल घेतली. हाच सगळ्यांचा नियम झाला, तर शब्दावर उचल देणारा कुणी उरणार नाही आणि शब्द देऊन फसवणंही जमणार नाही. नियम स्वतःलाच मोडीत काढतो. कांटच्या लेखी दोष तिथं आहे, बुडालेल्या रकमेत नाही. मिलचंही 'बहुमत म्हणेल ते' असं करू नका; तो सुखाचा हिशोब मांडतो, मतांचा नाही.

'ज्याची त्याची नीती' असं लिहून सुटका होत नाही. रीती वेगवेगळ्या असतात ही वस्तुस्थिती. त्यावरून सगळ्या सारख्याच योग्य ठरत नाहीत. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांसाठी राखल्या. रूढी हाच अखेरचा निकष धरला, तर या हुकमाला 'सुधारणा' म्हणायला आधारच उरत नाही. (तो योग्य का, हे मात्र युक्तिवादानं दाखवावं लागतं. नुसतं महाराजांचं नाव घेऊन भागत नाही, कोल्हापुरातसुद्धा.)

यूपीएससीच्या 250 गुणांच्या नीतिशास्त्राच्या पेपरसाठी व्याख्या आणि सुविचार पाठ करणारे केस स्टडीत, म्हणजे प्रसंग देऊन 'तुम्ही काय कराल' असं विचारणाऱ्या प्रश्नांत, अडकतात. तिथं आधी कुणाकुणावर परिणाम होतो ते लिहा, मग किमान तीन पर्याय, प्रत्येकाच्या बाजूचं आणि विरुद्धचं एकेक कारण, मग निवड. शेवटी आपल्या निवडीवरचा सगळ्यात जोरदार आक्षेप स्वतःच मांडून त्याला उत्तर द्या. दुबळा आक्षेप घेऊन तो खोडला, तर ही पायरी गाळल्यासारखीच आहे.