चावीची मूळ चावी कशी शोधायची

दाराची जादा किल्ली करायला गेले, तर किल्लीवाल्याने माझी किल्ली उजेडात धरली आणि परत दिली. "ही नकलेची नक्कल आहे बाई. मूळ आणा."

शब्दांचा माग काढतानाही माझी हीच चूक व्हायची. 'चावी' पोर्तुगीजांकडून आली एवढ्यावर मी खूश असे. पण तीही नक्कलच. मूळ लॅटिनमधलं, क्लाविस.

पहिलं काम, कोश उघडा. लॅटिन कोशात प्रथमेशेजारी षष्ठी देतात. इथे दोन्ही 'क्लाविस'च, गोंधळू नका. शब्द स्त्रीलिंगी. मात्र तुम्हाला हवी ती द्वितीया: क्लावेम, क्वचित क्लाविम. संस्कृत येत असेल तर 'हरिः, हरिम्' आठवा. चतुर्थीचं अनेकवचन 'क्लाविबुस' तर 'हरिभ्यः'चं चुलत भावंडच. लॅटिनच्या लेकींनी बहुतेक नामं द्वितीयेवरून उचलली. शेवटचा म बोलण्यात केव्हाच गळला होता. उरलं क्लावे.

आता कानस घ्या आणि पुढचा 'क्ल' घासा. इटालियनमध्ये क्यावे, स्पॅनिशमध्ये ल्यावे, पोर्तुगीजमध्ये चावे. (आजच्या लिस्बनमध्ये 'शाव्ह' ऐकू येईल, सोळाव्या शतकात 'च'च होता, म्हणून आपल्याकडेही 'च'.) फ्रेंचांनी क्ल राखला: क्ले. एका शब्दावर विसंबू नका, दुसरा लावून बघा. 'प्लुविया' म्हणजे पाऊस: स्पॅनिश ल्युविया, पोर्तुगीज चुवा. खाचा जुळल्या.

शेवटच्या 'ए'ची मराठीत 'ई' होते: मेस्त्रेचा मेस्त्री, बाल्देची बालदी, पाद्रेचा पाद्री. तशी चावेची चावी.

मग सोयरे गोळा करा. गळ्याखालच्या हाडाला डॉक्टर क्लॅव्हिकल म्हणतात, मूळ अर्थ 'छोटी किल्ली'. नवा पोप निवडायला कार्डिनल जमतात ते कॉन्क्लेव्ह म्हणजे मुळात कुलूप लावता येईल अशी खोली.

एका शब्दापासून सावध राहा: क्लावुस, म्हणजे खिळा. दिसायला सारखा, पण पुल्लिंगी, आणि द्वितीया क्लावुम. मी बरेच दिवस त्याची पोरं किल्लीच्या घरात घालत होते. त्याचा स्पॅनिश वारस 'क्लावो' म्हणजे खिळा, आणि लवंगसुद्धा. डब्यातली एक लवंग काढून उभी धरा, कारण दिसेल.