रंगीत लाकडी कपाट: वाळवंट दारावर उतरवताना या चुका टाळा

कपाटाच्या दारावर वाळवंटाचे चित्र रंगवायचे आहे आणि जोडप्यात एकाकडे सुतारकाम, दुसऱ्याकडे रंगकाम असेल, तर बहुतेक चुका कपाट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना होतात. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दार पूर्ण जोडून मग रंगवायला घेणे.

दाराच्या चौकटीच्या खाचेत बसवलेली मधली फळी हवा कोरडी झाली की रुंदीत आकसते. मग तिच्या कडेला कोऱ्या लाकडाची बारीक रेघ उघडी पडते. गडद गेरूच्या टेकड्यांशेजारी ती रेघ खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही डोळ्यांत भरते. म्हणून खाचेत जाणाऱ्या कडांसकट फळीला आधी अस्तर (प्राइमर) आणि पार्श्वभूमीचा रंग द्या, मग चौकट जोडा. खाचेत दोन्ही बाजूंना २-३ मिमी जागा मोकळी ठेवा आणि तिथे सरस अजिबात लावू नका. चिकटवलेल्या फळीला आकसायला वाव मिळत नाही आणि ती तडकते. मागची बाजू कोरी ठेवली तर फळी वाकते. चित्र पुढेच असले तरी मागेही रंगाचे तेवढेच हात द्या.

पाइनच्या गाठींतून राळ पाझरते आणि नेमका फिकट आकाशावर पिवळा डाग उमटतो. अस्तराआधी गाठींवर चपडा लाखेचे (शेलॅकचे) दोन पातळ हात द्या. घासताना १२० नंतर १८० नंबरचा पॉलिश पेपर पुरे, त्याहून गुळगुळीत लाकडावर अस्तर नीट धरत नाही.

रंगात घाई होते ती सावल्यांची. पिवडीत (मातकट पिवळ्या रंगात) काळा मिसळला की वाळू हिरवट, मळकी दिसते. सावलीला जांभळट निळा वापरा, खरी वाळू संध्याकाळी तशीच दिसते. लांबचे डोंगर फिकट आणि निळसर, जवळची वाळू उबदार, आकाश क्षितिजाकडे उजळत गेलेले: एवढे सांभाळले तरी सपाट दारावरच्या चित्राला खोलपणा येतो. कोरड्या हवेत ॲक्रिलिक ब्रशखालीच सुकते आणि पट्टे राहतात. अशा वेळी रिटार्डर (रंगाचे सुकणे मंदावणारे द्रव्य) घाला, नुसते पाणी वाढवू नका.

वर तेलाचे वार्निश लावले तर ते कालांतराने पिवळे पडते आणि निळे आकाश हिरवट होते. पाण्याचे वार्निश घ्या, दोन-तीन पातळ हात.

दार कपाटाच्या चौकटीला चिकटते, कारण रंगाच्या थरांचा हिशेब धरलेला नसतो. रंग देण्याआधीच दाराच्या चारही बाजूंनी २ मिमी फट ठेवा. वार्निश हाताला सुकल्यावरही पक्के व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर दार किलकिलेच ठेवा.