लिक्विड मिक्सिंगची टाकी बनवताय? मोटरच्या आधी हे बघा

नाशिककडे अंबड, सातपूर, सिन्नरला लिक्विड सोप, फिनाइल नाहीतर द्राक्षबागेच्या फवारणीची लिक्विड औषधं बनवणारे बरेच छोटे युनिटवाले आहेत, आणि टाकी करायला टाकताना फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न ठरलेला, मोटर किती एचपीची लावू? माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा, आधी आपला माल किती पातळ किती घट्ट ते बघायचं, कारण पंखा (टाकीत लिक्विड ढवळणारी पाती) त्यावर ठरतो आणि मोटर पंख्यावर ठरते.

एक हजार लिटरची टाकी धरा. लिक्विडची उंची आणि टाकीचा व्यास सारखा ठेवला तर व्यास साधारण १०८० मिमी येतो. माल पाण्यासारखा असेल तर पंखा व्यासाच्या एक तृतीयांश म्हणजे ३६० मिमी, ४५ अंशात तिरकी पाती, तळापासूनही साधारण तेवढ्याच उंचीवर. आणि भिंतीला चार उभ्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, रुंदी व्यासाच्या बाराव्या भागाइतकी, इथे ९० मिमी. हे बॅफल लोक खर्च वाचवायला काढून टाकतात आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण बॅफल नसले की लिक्विड गोल गोल फिरतं, मधे भोवरा पडतो, हवा आत ओढली जाते, फेस होतो, पण वरचं खाली आणि खालचं वर काही होत नाही. ताक घुसळताना रवी एकदा इकडे एकदा तिकडे फिरते म्हणून भोवरा टिकत नाही, टाकीत मोटर एकाच दिशेने फिरते, तेव्हा ते काम बॅफलनेच करायचं. २०० लिटरच्या ड्रमला बॅफल शक्य नसेल तर स्टरर मधोमध न लावता बाजूला आणि थोडा तिरका लावा.

आता घट्ट माल. इथे रेनॉल्ड्स नंबर (माल कितपत खळबळून फिरतो ते सांगणारा आकडा) काढा: सेकंदाला फेरे गुणिले पंख्याच्या व्यासाचा वर्ग गुणिले घनता, भागिले विस्कॉसिटी, म्हणजे मालाचा घट्टपणा. वरचाच पंखा १०० आरपीएमला पाण्यात दोन लाखांच्या वर जातो (१० हजारांच्या वर गेलं की पूर्ण खळबळ असते), पण तोच पंखा ५००० सीपीच्या (सेंटीपॉइज, विस्कॉसिटीचं माप) जेलमध्ये चाळीसच्या आसपास येतो. म्हणजे पंख्याजवळचा माल फिरतो आणि भिंतीकडचा जागेवर बसून राहतो. अशा मालाला अँकर लावा, भिंतीला जवळजवळ घासून जाणारा, हळू फिरणारा. अँकर वर-खाली मात्र फारसं हलवत नाही, त्यामुळे खूपच घट्ट मालाला हेलिकल रिबन, म्हणजे स्क्रूसारखी गुंडाळलेली पट्टी, बरा. क्रीम, लोशनसारखं तेल-पाणी एकजीव करायचं असेल तर हाय शिअर होमोजिनायझर लागतो, साध्या पंख्याने थेंब तेवढे बारीक होत नाहीत.

स्पीड वाढवून बघू म्हणणाऱ्यांसाठी: पातळ मालात पॉवर स्पीडच्या घनाने वाढते, म्हणजे स्पीड दुप्पट तर लोड आठपट! आणि पंख्याचा व्यास नुसता २० टक्के वाढवला तरी अडीचपट, मग मोटर ट्रिप होणारच. व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावा, पण कमाल स्पीड आधी ठरवून लॉक करा.

माल टाकायचा क्रम मशीनइतकाच महत्त्वाचा आहे. एसएलईएस (लिक्विड सोपमधलं फेस करणारं केमिकल) पेस्टवर पाणी ओतू नका, मधेच घट्ट जेल होतं आणि ते सुटता सुटत नाही, पाणी फिरत असताना पेस्ट थोडी थोडी सोडा. निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत पेस्ट अजून घट्ट होते, तेव्हा कोमट पाणी वापरा. माल घट्ट करणारी झॅन्थन किंवा सीएमसी पावडर एकदम टाकली की वरून ओली आतून कोरडी अशा गुठळ्या होतात, म्हणून आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग टाकीत. मीठ टाकून घट्ट करत असाल तर अगदी सावकाश, एका मर्यादेपर्यंत माल घट्ट होतो आणि त्यापुढे मीठ गेलं की परत पातळ पडतो. अ‍ॅसिड असेल तर नेहमी पाण्यात अ‍ॅसिड, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. सॉल्व्हंट असेल तर फ्लेमप्रूफ मोटर (जिच्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटत नाही) आणि टाकीला अर्थिंग, यात तडजोड नको.

बॅच झाली का हे वरून बघून कळत नाही. वरून, तळाच्या व्हॉल्व्हमधून आणि भिंतीजवळून असे तीन सॅम्पल घ्या (व्हॉल्व्हमध्ये अडकलेला माल आधी काढून परत टाकीत टाका), तिघांचा पीएच आणि विस्कॉसिटी जुळली तरच पॅकिंगला सोडा, नाहीतर अजून फिरवा आणि किती वेळ लागला ते बॅच शीटवर लिहा, पुढच्या बॅचला तोच टाइम धरायचा.