घरातल्या बिडी-सिगारेटच्या धुरापासून मुलांना कसे जपावे

बिडी ओढणाऱ्याला पडवीत बसवले की लहान मुलांचा प्रश्न सुटला, अशी कोकणातल्या बऱ्याच घरांत समजूत असते. जुन्या कौलारू घरांत मात्र ओटी, माजघर आणि आतल्या खोल्या यांच्यामधल्या भिंती अनेकदा छपरापर्यंत गेलेल्याच नसतात. वरून सगळे घर एकच असल्यामुळे दार लोटून घेतले तरी ओटीवरचा धूर कौलांखालून फिरत पाळण्यापर्यंत पोहोचतो. नव्या सिमेंटच्या घरांत दारे घट्ट लागतात हे खरे, पण पंखा लावल्याने किंवा खिडकी उघडल्याने धूर फक्त पातळ होतो. त्यामुळे घरापुरता एकच नियम ठरवावा: छपराखाली, म्हणजे पडवी धरून, कोणीही काहीही ओढणार नाही.

हा नियम घरच्यांना पटवण्यासाठी थोडी माहिती हाताशी असावी. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोगाशी जोडलेली आहेत. ओढणाऱ्याने सोडलेल्या धुरापेक्षा बिडीच्या जळत्या टोकातून सतत निघणाऱ्या धुरात यांतल्या अनेक घातक द्रव्यांचे प्रमाण जास्त असते. मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात आणि त्यांच्या श्वासनलिका अरुंद असतात, त्यामुळे अशा घरात वाढणाऱ्या मुलांना न्यूमोनिया, दम्याचे झटके आणि कान फुटण्याचा त्रास जास्त होतो. तान्ह्या बाळाच्या झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूचा धोकाही या धुराने वाढतो. या धुराचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही.

पुढचे काम बोलण्याचे, आणि तेच सर्वांत अवघड आहे. ज्या आजोबांनी घर बांधले त्यांना सुनेने ‘बाहेर जाऊन ओढा’ असे सांगणे कोणत्याही वाडीत सोपे नाही. म्हणून शक्यतो मुलाने किंवा लेकीने, चारचौघांत नव्हे तर एकट्याने, नातवंडाचे नाव घेऊन बोलावे: ‘आजोबा, बाळाची छाती वरचेवर भरते. डॉक्टरांनी धूर टाळायला सांगितला आहे. तुमची बसायची जागा मांगराकडे करून देतो, चालेल ना?’ (मांगर म्हणजे घराबाहेरचे गवत-अवजारे ठेवायचे खोपट.) बिडी सोडण्याचा विषय त्याच बैठकीत काढू नये. दोन मागण्या एकदम केल्या की दोन्ही नाकारल्या जातात.

जागा मात्र खरोखर करून द्यावी. बसायला पाट किंवा खुर्ची, पावसात डोक्यावर आडोसा, आणि पडवीत राखेसाठी ठेवलेली करवंटी व काड्यापेटी उचलून तिथे नेऊन ठेवलेली असावी. करवंटी पडवीत राहिली तर माणूसही पडवीतच राहतो. जागा निवडताना वाऱ्याचा विचार करावा. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे येतात, तेव्हा घराच्या पश्चिमेला ओढलेल्या बिडीचा धूर सरळ घरात शिरतो. रात्री मतलई वारे उलट दिशेने वाहू लागले की हीच गोष्ट पूर्वेकडच्या बाजूची होते. त्यामुळे दिशेवर फार विसंबू नये, अंतर वाढवावे. गवताची उडवी किंवा पेंढा असलेला मांगर या कामाला वापरू नये, हे सांगायला नकोच.

गणपतीत चाकरमानी आले, रात्री भजनी मंडळी जमली किंवा पत्त्यांचा डाव रंगला की वर्षभर पाळलेला नियम पाच दिवसांत मोडतो. त्यासाठी पाहुणे येण्याआधीच यजमानाने फोनवर सांगून ठेवावे आणि बाहेरची जागा आल्याबरोबर दाखवावी. गाडीतही हाच नियम ठेवावा, कारण काच खाली केली तरी एवढ्याशा जागेत धूर साठतोच. एसटी, रिक्षा आणि इतर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २००३ च्या कायद्याने मनाई आहे व त्याचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. खासगी घर मात्र त्यात येत नाही, तिथे घरच्यांनाच उभे राहावे लागते. मुलाला बिडीचे बंडल आणायला दुकानात पाठवण्याची सवयही याच निमित्ताने बंद करावी. अठरा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकणे कायद्याने गुन्हा आहे.

कोकणात आणखी एक धूर असतो, ज्याला कोणी धूम्रपान म्हणत नाही. दातांना लावायच्या मशेरीसाठी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजली जाते, आणि तेव्हा पुरुष नव्हे तर घरातल्या बायका चुलीपाशी असतात, कडेवर किंवा शेजारी मूल असते. तो तंबाखूचाच धूर आहे. मशेरी सोडणे उत्तम, आणि गरोदरपणात तर ती सोडावीच. तोवर निदान घरात भाजणे थांबवावे. विकतची मशेरी आणल्याने मुलाचा धूर टळतो, लावणारीचा धोका टळत नाही.

धूर विझल्यावरही त्याचा अंश कपड्यांवर, गोधडीवर आणि जमिनीवरच्या धुळीत राहतो, आणि रांगणारे मूल तेच हात तोंडात घालते. म्हणून बिडी ओढून आल्यावर हात-तोंड धुऊन, सदरा बदलून, थोडा वेळ थांबूनच बाळाला घ्यावे. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा बाहेर ओढताना घालायचा एक सदरा वेगळा, बाहेरच्या खुंटीवर ठेवणे सोयीचे पडते. बाळाची अंथरुणे वेगळी असावीत. उदबत्ती किंवा धूप लावून वास झाकल्याने हवेत आणखी एका धुराची भर पडते, एवढेच.

काही महिन्यांनी, नियम अंगवळणी पडल्यावर, ओढणाऱ्यालाच सोडावेसे वाटू लागले तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक लावून द्यावा, किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत जावे.

एवढे करूनही मूल आजारी पडले तर ते शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, तर घरगुती काढ्यात वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि घरात कोण, कुठे ओढते हे डॉक्टरांना न लपवता सांगावे.