नॉनलिनियर दोलनांची गणितं: या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सी आणि नेट-सेटच्या पोरांच्या वह्या तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. कॅल्क्युलेटर डिग्रीवर ठेवून 'साइन थीटा म्हणजे थीटा' करणं ही त्यातली एक. ते रेडियनमध्येच चालतं, एवढ्यावर सोडतो.

डोकं उठवणारी चूक वेगळी. स्प्रिंगच्या समीकरणात एप्सिलॉन (एक लहान आकडा) गुणिले एक्सचा (स्प्रिंगच्या सरकण्याचा) घन आला, म्हणजे दोलन नॉनलिनियर झालं, की पोरं फक्त उत्तर एप्सिलॉनच्या मालिकेत मांडतात. फ्रिक्वेन्सी मात्र जुनीच! कोसाइनचा घन म्हणजे पाऊण कोसाइन, अधिक तिप्पट फ्रिक्वेन्सीचा पाव कोसाइन. तो पाऊण भाग मूळ फ्रिक्वेन्सीवरच धक्के देत राहतो आणि उत्तरात 'टी गुणिले साइन टी' शिरतं. टी म्हणजे वेळ, म्हणून हे पद वेळेबरोबर वाढतच जातं.

जुळे सोलापुरात शिकवताना एकाने याचा पायथॉनमध्ये ग्राफच काढून आणला. ओमेगा (मूळ फ्रिक्वेन्सी) १, ॲम्प्लिट्यूड (दोलनाचा आवाका) १, एप्सिलॉन ०.१. टी १०० पर्यंत दोलन १ वरून ३.९ च्या घरात! म्हटलं, घर्षण नाही, बाहेरून बळ नाही, मग एवढी एनर्जी आली कुठून? तर म्हणे, "स्टेप्स तर सगळ्या बरोबर आहेत की ओ सर!"

स्टेप्स बरोबर होत्याच. खरी फ्रिक्वेन्सी १.०३७५ च्या आसपास आहे. कोसाइन १.०३७५ टी हे ०.०३७५ च्या मालिकेत उलगडून पहिल्याच पदाला थांबलात, तर नेमकं हेच वाढत जाणारं पद हाती येतं. टी ५ पर्यंत ते खपतं, १०० ला कचरा. लिंडस्टेट आणि प्वांकारे या दोन शास्त्रज्ञांची रीत म्हणजे फ्रिक्वेन्सीही मालिकेत मांडायची आणि तिची दुरुस्ती अशी निवडायची की ते पद उडून जाईल. दुरुस्ती येते तीन-अष्टमांश एप्सिलॉन ए वर्ग भागिले ओमेगा, ए म्हणजे ॲम्प्लिट्यूड. "डायरेक्ट फॉर्म्युला सांगा" म्हणणाऱ्यांना मी तो सांगत नाही, आधी वाढणारं पद स्वतः काढून दाखवायला लावतो. आणि उत्तर कुठल्याही रीतीने येवो, मी आधी एनर्जी तपासतो.

एप्सिलॉन लहान म्हणून बिनधास्त राहू नका. लहान असायला हवं ते एप्सिलॉन ए वर्ग भागिले ओमेगा वर्ग. ॲम्प्लिट्यूड मोठा घेतलात की संपलं.

घनाऐवजी एक्स वर्गाची टर्म असेल तर पहिल्या ऑर्डरला (एप्सिलॉनच्या पहिल्या घातापर्यंत) फ्रिक्वेन्सी हलत नाही. तिथेच 'बदल नाही' लिहून मोकळे होऊ नका, दुसऱ्या ऑर्डरला ती घटते.

फ्रिक्वेन्सीची दुरुस्ती अधिक की उणे, या चिन्हासाठी लोलक आठवा. साइनच्या मालिकेत घनाचं पद उणे, म्हणून झोका मोठा तर लोलक मंद. ४५ अंशांवर आवर्तकाल सुमारे ४ टक्के वाढतो. घाईची पोरं लॅबमध्ये तेवढ्यावरून सोडतात, साधं सूत्र लावतात, गुरुत्वत्वरण जी ९.८ ऐवजी ९.१ च्या आसपास येतो, आणि मग दोऱ्याची लांबी पुन्हा पुन्हा मोजत बसतात. १० अंशांच्या आत सोडा. तिथे आवर्तकालातला फरक ०.२ टक्क्यांहून कमी असतो.